वस्तऱ्याची धार : लावणे थोडे, राखणे फार

हजामतीच्या दुकानात मान मागे टेकवून बसलेल्या गिऱ्हाइकाच्या कानावर पडणारा, चामड्यावरून फिरणाऱ्या पात्याचा तो ‘चट-चट’ आवाज आता महाराष्ट्राच्या शहरांतून जवळपास लोपला आहे. सलूनमधील कारागिराच्या हाती आज जो वस्तरा दिसतो, तो वास्तविक वस्तऱ्याच्या आकाराची नुसती मूठ असते. तिच्यात दाढीच्या पत्तीचा अर्धा तुकडा बसविला जातो आणि गिऱ्हाईक उठले की तो टाकून दिला जातो. रक्तावाटे पसरणाऱ्या रोगांविषयी जाणीव वाढल्यानंतर झालेला हा बदल योग्यच म्हणावा लागेल. अखंड पात्याचा खरा वस्तरा मात्र दुकानातून निघून काही हौशी मंडळींच्या घरी न्हाणीघरात पोहोचला आहे. कोणाला तो आजोबांच्या ट्रंकेत सापडतो, कोणाला नाभिक व्यवसायातील वाडवडिलांच्या धोकटीत, तर कोणी नवा मागवून घेतो.

पुढची अडचण ठरलेली असते. पाते बोथट असते, दाढी ओढली जाते, आणि मग घरातील चाकू-कात्रीबरोबर वस्तराही दारावर आलेल्या धारवाल्याच्या साणेवर चढतो. दोन मिनिटांत ठिणग्या उडतात आणि शंभर वर्षे टिकलेले पाते कायमचे निकामी होते. वस्तऱ्याचे पाते धारेजवळ इतके पातळ असते की फिरत्या चाकाच्या घर्षणाने ते क्षणार्धात तापते. सुमारे दोनशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापमान गेले की पोलादाला दिलेले पाणी उतरू लागते, म्हणजेच कठीणपणा जातो. पात्यावर पिवळसर किंवा निळसर छटा दिसली, की त्या भागात पुन्हा धार धरणार नाही हे निश्चित समजावे. वापराने झिजून बाद झालेल्या वस्तऱ्यांपेक्षा चुकीची धार लावून बाद केलेले वस्तरेच अधिक आढळतात. म्हणून या साधनाची देखभाल शिकताना धार कशी लावावी, याआधी ती केव्हा लावू नये हे कळणे अगत्याचे ठरते.

पाठ हाच कोनमापक

वस्तऱ्याचे पाते उघडून टोकाकडून पाहिले असता त्याची रचना ध्यानात येते. वर जाड पाठ, खाली धार आणि दोहोंमधील भाग दोन्ही बाजूंनी खोलगट कोरलेला. हा खोलगटपणा काही पात्यांत नावापुरता, तर काहींत इतका असतो की पाते बोटाच्या नखाने दाबल्यास किंचित लवते. पात्याची रुंदी इंचाच्या अष्टमांशांत मोजण्याचा प्रघात आहे. पाच अष्टमांश म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर आणि सहा अष्टमांश म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर. नवशिक्याला यांपैकी कोणतेही माप सोयीचे पडते.

पाठीच्या जाडीमागे मोठी युक्ती दडलेली आहे. पाते दगडावर आडवे ठेवले म्हणजे पाठ आणि धार अशा दोनच ठिकाणी ते दगडाला टेकते. १९ मिलिमीटर रुंद पात्याची पाठ ५ मिलिमीटर जाड असेल, तर धारेचा एकूण कोन आपोआप सुमारे १५ अंशांचा होतो. स्वयंपाकघरातील सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो आणि तो साधारण ३० ते ४० अंशांचा असतो. वस्तऱ्यात ते काम पाते घडविणाऱ्यानेच करून ठेवलेले आहे. शिवाय दगडावर धारेबरोबर पाठही झिजत असल्याने वर्षानुवर्षे कोन फारसा बदलत नाही. यावरून एक नियम निघतो आणि तो मोडण्यास कोणतीही सवलत नाही : दगडावर असो वा पट्ट्यावर, पाठ कधीही उचलायची नाही. ज्याला पाते सपाट ठेवता येते, त्याला धार लावण्याचे निम्मे शास्त्र आले असे म्हणण्यास हरकत नाही.

पोलादाविषयी थोडे सांगावयास हवे. परंपरागत वस्तरे सुमारे एक टक्का कार्बन असलेल्या पोलादाचे असतात. ते गंजते, परंतु बारीक धार उत्तम घेते. अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील शेफिल्ड येथे बेंजामिन हंट्समन यांनी मुशीत पोलाद वितळविण्याची पद्धत बसविली आणि पुढे शेफिल्डचे वस्तरे जगभर गेले. या इतिहासात दख्खनचाही एक धागा आहे. दक्षिण भारतात व दख्खनच्या पूर्व भागात तयार होणारे मुशीतले पोलाद इंग्रजांना ‘वुट्झ’ या नावाने ठाऊक होते. लंडनमध्ये शस्त्रक्रियेची हत्यारे बनविणारे जेम्स स्टोडार्ट यांना त्याचे मोठे आकर्षण होते. त्यांनी आणि मायकेल फॅरेडे यांनी मिळून पोलादाच्या मिश्रधातूंवर केलेले प्रयोग १८२० मध्ये प्रसिद्ध झाले. विजेच्या संशोधनासाठी ओळखल्या जाणाऱ्या फॅरेडे यांनी त्या काळात अशा मिश्र पोलादाचे वस्तरे मित्रांना भेट दिले होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

जुना वस्तरा हाती आला तर

जुन्या पात्याच्या बुंध्यावर, म्हणजे पाते आणि शेपटी यांमधील जाड भागावर, बहुधा कारखान्याचा शिक्का असतो. शेफिल्ड किंवा जर्मनीतील झोलिंगेन यांपैकी एखादे नाव दिसल्यास पाते प्रयत्न करण्याजोगे समजावे. या नावांना बाजारात इतकी किंमत होती की त्यांची नक्कलही सर्रास होत असे. जर्मन पात्यांवर शेफिल्डचे नाव छापले जाते, अशी तेथील कारागिरांची तक्रार होती. ब्रिटनमध्ये १८८७ साली मालावरील खुणांचा कायदा झाला, त्यामागे ही तक्रारही होती. हिंदुस्थानात तशाच स्वरूपाचा कायदा १८८९ मध्ये आला. पुढे झोलिंगेननेही १९३८ मध्ये आपल्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळवून घेतले. आज मात्र धोका वेगळा आहे. वस्तऱ्यासारख्या दिसणाऱ्या, चकचकीत पण मऊ पोलादाच्या शोभेच्या वस्तू अल्प किमतीत विकल्या जातात. त्यांची पाठ व धार एका रेषेत नसते आणि कितीही मेहनत केली तरी त्यांवर दाढीची धार टिकत नाही. नवशिक्या आपल्याच हाताला दोष देत बसतो. अशा वस्तूपेक्षा चांगल्या स्थितीतील जुना वस्तरा केव्हाही बरा.

पारख करताना प्रथम धार पाहावी. पात्याच्या मध्यभागी गंजाचे डाग असल्यास ते शोभेपुरते बाधक ठरतात. धारेलगत काळे खोल ठिपके असतील, तर दगडावर धार त्यांच्यापर्यंत पोहोचताच तेथे खांडे पडतील. केसाइतकी बारीक चीर असलेले पाते सरळ बाद करावे, कारण ते चेहऱ्यावर तुटू शकते. पाते मुठीपासून दूर धरून नखाने टिचकी मारली असता स्वच्छ नाद यावा. दबका आवाज चिरेची शंका उत्पन्न करतो. पाठीकडेही लक्ष द्यावे. तिच्यावर दोन्ही बाजूंस रुंद, चपटी पट्टी दिसत असेल, तर पूर्वीच्या मालकाने ते पाते गरजेपेक्षा फार घासले आहे. धार सरळ किंवा किंचित बाहेर फुगीर असावी. मध्येच आत गेलेली असेल तर ती दुरुस्ती अनुभवी माणसाकडे सोपवावी.

मुठीचा विचार सहसा कोणी करीत नाही. परंतु जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी कालांतराने विघटन पावतात व त्यांतून आम्लयुक्त वाफ सुटते. मिटलेले पाते नेमके त्या मुठीच्या पोटात असल्याने आतून गंजून जाते. एरवी स्वच्छ असलेल्या पात्यावर मुठीने झाकलेल्या भागातच गंज दिसला, तर मूठ बदलणे हाच उपाय. सेल्युलॉइड ज्वालाग्राही असते, हेही विसरू नये. मूठ हस्तिदंती असेल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील व त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांतील तरतुदींमुळे असा वस्तरा विकता वा विकत घेता येत नाही.

दगड कोणते

धार लावण्याच्या दगडास जुन्या मराठीत निसणा म्हणतात. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा दुतोंडी कार्बोरंडमचा दगड कोयता-सुरीसाठी ठीक. वस्तऱ्याला तो लावू नये. वस्तऱ्यासाठी क्रमांक दिलेले कृत्रिम पाणदगड सोयीचे पडतात. क्रमांक जितका मोठा तितका कण बारीक. १००० क्रमांकाच्या दगडाचा कण साधारण १२ ते १५ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या तेवढ्या सहस्रांशांचा असतो. तो धारेचा मूळ आकार घडवितो. त्यानंतर ४००० किंवा ५००० क्रमांकाचा दगड आधीचे ओरखडे काढतो, ८००० वर दाढी करता येईल अशी धार येते आणि १२००० वर ती मऊ होते. जपानी कंपन्यांचे असे दगड आता भारतात घरबसल्या मागविता येतात. त्यांची किंमत पाहून छाती दडपली, तर एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उत्तम धार लावून घेतलेला वस्तरा विकत घेणाऱ्यास पहिली अनेक वर्षे केवळ एक बारीक दगड पुरतो. चारही दगड त्यालाच लागतात, जो बोथट वा खराब पात्यावर काम करणार आहे.

नैसर्गिक दगडांची दुनिया निराळीच आहे आणि तिच्यात शिरलेला हौशी माणूस सहसा लवकर बाहेर पडत नाही. बेल्जियममध्ये आर्देन डोंगराळ प्रदेशात व्हियेलसाल्म गावाच्या परिसरात ‘कोतिक्युल’ नावाचा पिवळसर दगड सापडतो. त्यात गार्नेट या खनिजाचे सूक्ष्म, अनेक पैलूंचे कण खच्चून भरलेले असतात. हे कण गोलसर असल्याने पोलादावर खोल ओरखडा उठवीत नाहीत. दगडावर दगड घासून दुधासारखा चिखल केला, तर तो वेगाने कापतो. पाणी घालून चिखल विरळ करीत नेला, की तोच दगड अखेरचे बारीक काम करतो. एकाच दगडावर सुरुवात आणि शेवट दोन्ही होते, यामुळे पूर्वी न्हावी त्याला पसंती देत. हे थर पातळ व ठिसूळ असल्याने दगडाच्या पाठीला पाटीच्या दगडाचा आधार चिकटविण्याची पद्धत आहे. साल्मशातो येथे या दगडाचे एक संग्रहालयही आहे. जर्मनीतील थुरिंगिया प्रांतातले आणि जपानात क्योटोजवळच्या नारुताकी भागातले दगडही असेच नावाजलेले. मात्र नैसर्गिक दगडावर क्रमांक नसतो, प्रत्येक तुकडा वेगळा वागतो. नवशिक्याने आरंभ कृत्रिम दगडावरच करावा.

दगड कोणताही असो, तो सपाट हवा. नवा कोरा दगडही नेहमी सपाट असतोच असे नाही. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखाव्यात, जाड काचेवर पाणकागद अंथरावा आणि पाणी घालून दगड त्यावर घासावा. सगळ्या रेषा एकसारख्या पुसल्या गेल्या म्हणजे दगड सपाट झाला. शेवटी कडा किंचित गोल कराव्यात, नाहीतर त्या धारेला खांडे पाडतात.

प्रत्यक्ष कृती

ओल्या कापडावर दगड बसवावा, म्हणजे तो सरकत नाही. पाठीला विजेच्या तारांसाठी वापरतात त्या चिकटपट्टीचा एक थर लावावा. यामुळे पाठ झिजत नाही व कोनात जेमतेम एक अंशाचा फरक पडतो. पट्टी लावावी की नाही यावर जाणकारांत मतभेद आहेत. नवशिक्याचा हात अद्याप जड असतो, म्हणून त्याने ती लावणेच शहाणपणाचे. एकदा पट्टी लावली की शेवटच्या दगडापर्यंत ठेवावी. मधेच काढली तर कोन बदलतो आणि केलेले काम वाया जाते.

पात्याचा बुंधा अंगठा व तर्जनी यांत धरावा, मूठ सरळ रेषेत मागे असावी. पाते सपाट ठेवून, धार पुढे आणि पाठ मागे अशा दिशेने ते दगडावरून न्यावे. दगडावर चिकटलेला पापुद्रा पात्याने तासून काढावयाचा आहे, अशी कल्पना केली की हालचाल बरोबर होते. दगड पात्यापेक्षा अरुंद असल्याने पाते पुढे जाताना तिरपेही सरकवावे लागते. सुरुवातीला बुंध्याकडची बाजू दगडावर असते आणि शेवटी टोकाची. टोकाला पोहोचल्यावर पाते पाठीवर पालटावे, धारेवरून कधीही नाही, आणि त्याच रीतीने परत आणावे. अशी जा-ये म्हणजे एक फेरी.

पहिल्या दगडावरचे काम सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वाधिक कंटाळवाणे. दोन्ही बाजूंचे उतार एकमेकांना धारेच्या संपूर्ण लांबीभर मिळेपर्यंत येथून हलू नये. उतारावर शाईच्या मार्करने रेघ ओढून दोन-चार फेऱ्या कराव्यात. शाई जेथे शिल्लक राहील, तेथे पाते दगडाला टेकत नाही. बोथट पात्याला आरंभी थोडा दाब चालतो, परंतु उतार जुळत आले की दाब कमी करीत पात्याच्या वजनाइतकाच ठेवावा. पातळ पाते दाबाखाली लवते आणि धार दगडापासून उचलली जाते. जोर वाढविल्याने काम लवकर होते, हा समज येथे नेमका उलटा ठरतो. पाते बरोबर टेकत असल्याची एक सुंदर खूण आहे. धारेच्या पुढे दगडावर असलेले पाणी संपूर्ण लांबीभर पात्यावर चढू लागते. जेथे चढत नाही, तेथे धार अजून दगडाला भेटलेली नाही.

या टप्प्यावरची परीक्षा साधी आहे. मनगटाजवळचे केस त्वचेलगत पाते फिरवून कापून पाहावेत. बुंध्यापासून टोकापर्यंत प्रत्येक अर्ध्या इंचाने केस कापले गेले, तरच पुढच्या दगडाकडे वळावे. नवशिक्यांचे बहुतेक अपयश याच ठिकाणी जन्म घेते. घाई करून ८००० वर गेलेला माणूस बोथट धारेला चकाकी देत राहतो. पुढच्या दगडांवर मात्र थोडक्यात आटोपते. प्रत्येकावर वीस-तीस हलक्या फेऱ्या, आधीचे ओरखडे दिसेनासे होईपर्यंत. दहापट मोठे दाखविणारे घड्याळजीचे भिंग हाताशी असल्यास काम सोपे होते. दगड बदलताना पाते व हात धुवावेत, कारण जाड दगडाचा एक कण बारीक दगडावर आला तरी धारेवर ओरखडा उठतो. पहिल्या वेळी सगळ्यास दीड-दोन तास लागले, तर वावगे वाटून घेऊ नये.

धार आली की नाही, हे डोळ्यांनीही कळते. दिव्याखाली धार वर करून सरळ वरून पाहावे. तीक्ष्ण धार दिसत नाही. बोथट जागी पांढरी रेघ चमकते. डोक्याचा एक धुतलेला केस दोन बोटांत लोंबता धरून धारेला टेकविण्याची परीक्षा प्रसिद्ध आहे खरी, परंतु केस जाड की बारीक यावर तिचा निकाल बदलतो. अखेरचा न्यायाधीश गाल. दाढी करताना सगळीकडे ओढ जाणवली तर उतार पूर्ण जुळलेले नाहीत, म्हणजे पुन्हा पहिला दगड. पात्याच्या एकाच भागात ओढ असेल तर दोष त्या भागापुरता. केस कापले जातात पण नंतर कातडी चुरचुरते, अशा वेळी शेवटच्या दगडावर आणि पट्ट्यावर आणखी थोडे काम करावे. तरीही फरक पडला नाही तर चूक धारेची नसून हाताची असते. पाते चेहऱ्याशी सुमारे तीस अंशांत धरावे लागते. ते त्याहून फार उभे धरले की कातडी खरवडली जाते.

रोजचा पट्टा

दगड वर्षातून मोजक्या वेळा, पट्टा मात्र प्रत्येक दाढीपूर्वी. दाढी करताना धारेची अतिसूक्ष्म कड कोठे वाकते, कोठे झिजते. पट्टा ती पुन्हा रेषेत आणतो. मऊ केसाने पोलाद कसे बोथट होते, या जुन्या प्रश्नावर अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. केस पात्याहून सुमारे पन्नासपट मऊ असतो. तरीही तो तिरपा वाकून धारेला भिडला आणि त्या जागी पोलादाची अंतर्गत रचना एकसारखी नसली, तर धारेचा बारीक कपचा उडू शकतो, असे त्यांना आढळले. हे प्रयोग वापरून टाकून देण्याच्या पत्त्यांवर केलेले होते. वस्तऱ्याला त्यावरून थेट नियम लावता येत नाही. तरीही दाढी दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने नीट भिजवावी, हा जुना सल्ला धारेच्याही हिताचा आहे. भिजलेला केस कापण्यास जोर कमी लागतो.

पट्ट्याला सहसा दोन पदर असतात, एक जाड सुती किंवा तागाच्या कापडाचा आणि दुसरा चामड्याचा. आधी कापडावर वीस-तीस फेऱ्या, नंतर चामड्यावर चाळीस ते साठ. येथे दिशा दगडाच्या उलट असते. पाठ पुढे आणि धार मागे. दिशा चुकली तर पाते थेट चामड्यात घुसते. पट्टा कडीला अडकवून ताठ ओढून धरावा. तो सैल पडला की चामडे धारेभोवती वळते आणि धार गोल होते. टोकाला पोहोचल्यावर पाते पाठीवर पालटावे आणि पाठ पट्ट्यावरून उठू देऊ नये. वेगाचा मोह टाळावा. दुकानातल्या कारागिराचा तो सपासप हात वर्षांच्या सरावाचा होता. नवशिक्याने त्याची नक्कल केली तर पहिल्या आठवड्यातच पट्ट्याला चिरा पडतात. त्यासाठीच पहिला पट्टा स्वस्तातला घ्यावा. तळहातावर वस्तरा परजण्याची जुनी लकबही पाहण्यापुरती ठेवावी.

धार किंचित मंदावली की लगेच दगड काढण्याचे कारण नाही. वेगळ्या पट्ट्यावर किंवा सपाट फळीला चिकटविलेल्या चामड्यावर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पूड लावून ठेवावी. तिचा कण सुमारे अर्ध्या मायक्रॉनचा असतो. दहा फेऱ्यांत धार ताजी होते. रोजच्या पट्ट्यावर ही पूड कधीही लावू नये. सतत तिचाच वापर केल्यास धार हळूहळू गोलसर होते आणि मग बारीक दगडाकडे वळावे लागते. नियमित दाढी करणाऱ्यास ही वेळ साधारण दोन-तीन महिन्यांनी येते, पट्टा नीट असेल तर त्याहूनही उशिरा. १००० च्या दगडाकडे परत जाण्याची वेळ केवळ पाते नळावर आपटून खांडा पडला तरच यावी.

ओल, गंज आणि रक्त

महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात व मुंबईत, वस्तऱ्याचा खरा शत्रू पावसाळा. दाढी झाल्यावर पाते पाण्याखाली धुवावे, मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसावे, धारेवरून आडवे पुसू नये. नंतर पाते थोडा वेळ उघडेच ठेवावे. खिळ्याजवळ व मुठीच्या पोटात अडकलेले पाणी लवकर सुकत नाही आणि गंज नेमका तेथूनच सुरू होतो. न्हाणीघरातील कपाट ही ठेवण्याची सर्वांत वाईट जागा. काही दिवस वापर होणार नसेल, तर शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात पात्यावर द्यावा. खोबरेल तेल घरात सहज मिळते, पण ते थंडीत थिजते व पुढे खवट होऊन चिकट थर धरते. चामड्याच्या पाकिटात पाते दीर्घकाळ ठेवू नये, चामडे ओल धरून ठेवते.

लाल गंजाचा हलका डाग दिसताच तेल लावून बारीक पॉलिशने पुसून काढावा. फिरत्या यंत्राला लावलेला पॉलिशचा गोळा वापरण्याची हौस अनेकांना असते. त्यात साणेइतकाच उष्णतेचा धोका आहे आणि पाते हातातून सुटून अंगावर येण्याचा धोका त्याहून मोठा.

वस्तरा एका माणसाचाच असावा, यात तडजोड नाही. हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो आणि दाढीतील जखम कित्येकदा डोळ्यांना दिसतही नाही. भाऊ-भाऊ किंवा बाप-लेक यांनीही एक पाते वापरू नये. पट्टाही वेगळाच ठेवावा, कारण पाते दाढीनंतरही त्यावर फिरते. जुना वस्तरा वापरात आणण्यापूर्वी साबणाने स्वच्छ धुऊन सत्तर टक्के स्पिरिटने दोनदा पुसावा. स्पिरिट सेल्युलॉइडच्या मुठीला लागू देऊ नये, ती त्याने विरघळू लागते. ब्लीचचे पाणी पोलादाला खाते आणि उकळत्या पाण्यात मुठी वाकतात, म्हणून हे दोन्ही उपाय वर्ज्य.

कान अडकेल अशा उंचीवर लहान मुले असलेल्या घरात पट्ट्याची कडी ठोकू नये, आणि पाते मिटताना नेहमी बुंध्याच्या शेपटीला धरून मिटावे. पाते हातातून निसटलेच, तर ते झेलण्याचा प्रयत्न करू नये. पडलेल्या पात्याला पुन्हा धार लावता येते.